आजोबांची बिडी

‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत बिड्या ओढायचे, काय झालं त्यांना?’ भोकरदनच्या बाजारात असो की जालन्यातल्या रोलिंग मिलच्या गेटवर, बिडीचा विषय निघाला की हे ठरलेलंच. महिको ही बियाणे कंपनी 1964 साली जिथे उभी राहिली, त्या बियाण्यांच्या जालन्याने वाणावर भरवसा ठेवावा यात नवल नाही. आणि आजोबांच्या दाखल्यात थोडं तथ्यही आहे.

2008 मध्ये तीन संशोधक गटांना पंधराव्या गुणसूत्राच्या एकाच भागात फुप्फुसाच्या कर्करोगाशी निगडित फरक सापडला. तो एका पालकाकडून आला तर धोका साधारण 30 टक्क्यांनी वाढतो, दोघांकडून आला तर 80 टक्क्यांच्या आसपास. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे. पण धूम्रपानाने हाच धोका 15 ते 30 पट होतो. टक्का आणि पट यांतलं अंतर मोंढ्यातल्या माणसाला मी काय समजावणार!

दोष रक्तातच आहे, हा युक्तिवाद जुना. 1950 च्या दशकाच्या अखेरीस थोर संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर तो हिरिरीने मांडत होते; स्वतः पाइप ओढायचे आणि तंबाखू उत्पादकांचे सल्लागारही होते. आपल्या मुंबईत एल. डी. संघवी मूळचे आनुवंशिकीचेच अभ्यासक. तरी राव आणि खानोलकरांसोबत 1955 साली त्यांनी तोंड-घशाच्या कर्करोगाचा माग काढला तो तंबाखू ओढण्या-चघळण्यापर्यंत. मला संघवी जवळचे वाटतात.

खरी मेख पुढे आहे. पंधराव्या गुणसूत्रावरची ती जनुकं निकोटिन जिथे जाऊन बसतं ते पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) घडवतात. हा फरक असलेला माणूस ओढतो जास्त, झुरका खोल घेतो आणि त्याची बिडी सुटता सुटत नाही. अशा माणसाला ‘मनावर घे, सुटेल’ एवढंच सांगून वाटेला लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला औषध हवं, समुपदेशन हवं. जनुक-चाचणीचा आग्रह मात्र नको. अहवाल चांगला आला की त्याच आनंदात एक बिडी पेटायची. तिशीच्या आत सोडणाऱ्याचा बहुतेक धोका टळतो, पन्नाशीत सोडली तरी निम्मा, आणि त्यासाठी कुणाचं रक्त तपासावं लागत नाही.

मदतीचा 1800-11-2356 हा क्रमांक पाकिटावर छापलेला असतो. टपरीवर सुटी बिडी घेणाऱ्याच्या हाती ते पाकीट येणार कुठून? सुट्या विक्रीवर राज्याने 2020 मध्येच बंदी घातली आहे. ती आधी जालन्याच्या बसस्टँडवर लागू करून दाखवा.