चुकून चालणारं चालू नये!

‘जुनं ते सोनं’ ही म्हण आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी फारच मनावर घेतली आहे. एकदा चालू केलेली गोष्ट बंद करायची म्हटलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. ‘राहू दे ना, कोणाला त्रास होतोय?’ हे ठरलेलं वाक्य! पण मित्रांनो, त्रास होतो. क्यूएमू या सॉफ्टवेअरमध्ये २०२० साली आलेल्या एका छोट्याशा सक्तीच्या निमित्ताने मला हेच सांगायचं आहे. ती सक्ती योग्य होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. क्यूएमू म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा ओपन सोर्स प्रोग्राम. फाब्रिस बेलार यांनी तो २००३ मध्ये आणला. आतल्या कॉम्प्युटरला ‘गेस्ट’ म्हणतात, बाहेरच्याला ‘होस्ट’. गेस्टला डिस्क लागते, नेटवर्क कार्ड लागतं. खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल करत बसलं तर काम फार मंदावतं. म्हणून रस्टी रसेल यांनी व्हर्टआयओची कल्पना मांडली. खऱ्या हार्डवेअरचं सोंगच घ्यायचं नाही, होस्ट आणि गेस्टने आपसात ठरवलेल्या सोप्या भाषेत सरळ बोलायचं. २००८ च्या जानेवारीत आलेल्या लिनक्स २.६.२४ पासून हे ड्रायव्हर लिनक्समध्ये आहेत.

कल्पना झकास होती, पण पहिल्या आवृत्तीत घाईच्या खुणा होत्या. डेटाचे बाइट कुठल्या क्रमाने ठेवायचे? तर म्हणे गेस्टच्या प्रोसेसरचा जो क्रम असेल तो! पॉवर प्रोसेसरवर गेस्ट चालू असताना हा क्रम बदलू शकतो. मग बिचाऱ्या क्यूएमूला डिव्हाइस रीसेट होताना प्रोसेसरकडे बघून क्रम ओळखावा लागतो. दुसरी गोष्ट आय/ओ पोर्टची. जुन्या पद्धतीत प्रत्येक डिव्हाइसला पोर्टची जागा लागतेच. सगळी मिळून ती जागा ६४ केबी, आणि पीसीआय एक्सप्रेसच्या प्रत्येक पोर्टला ती ४ केबीच्या तुकड्यातच द्यावी लागते. ६४ भागिले ४, म्हणजे कागदावर १६ डिव्हाइस, प्रत्यक्षात त्याहूनही कमी. तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर. जुन्या पद्धतीत डिव्हाइस गेस्टच्या मेमरीत थेट हात घालतं. मध्ये राखणदार म्हणून बसवलेल्या आयओएमएमयूला ते विचारतसुद्धा नाही.

हे सगळं निस्तरण्यासाठी ओएसिस या संस्थेच्या समितीने व्हर्टआयओ १.० हे स्टँडर्ड तयार केलं. त्याची एक आवृत्ती २०१६ च्या मार्चमध्ये आली. बाइटचा क्रम एकच, कायमचा ठरलेला. फीचर्ससाठी ३२ पेक्षा जास्त बिट. आणि ‘मला ही फीचर्स मान्य आहेत’ असं ड्रायव्हरने म्हटल्यावर डिव्हाइसने होकार देण्याची वेगळी पायरी. याला ‘मॉडर्न’ म्हणतात, जुन्याला ‘लेगसी’, आणि दोन्ही भाषा बोलणाऱ्या डिव्हाइसला ‘ट्रान्झिशनल’.

आता खरी गंमत. ट्रान्झिशनल ही सोय जुन्या डिव्हाइससाठी होती: डिस्क, नेटवर्क, कन्सोल, बलून वगैरे. पण कोडमध्ये ती आपोआप चालू राहायची. त्यामुळे स्टँडर्ड आल्यानंतर जन्मलेली डिव्हाइससुद्धा ‘मी लेगसीपण आहे’ असं सांगू लागली. ज्याची जुनी आवृत्ती कधी नव्हतीच, त्याला जुनी भाषा कुठून येणार? होस्ट आणि गेस्टमध्ये सॉकेट जोडणारं व्हीसॉक हे असंच एक डिव्हाइस. लेगसीच्या यादीत त्याचं नाव नाही, कोणी लिहिलेलं नाही, तरी ते चालत होतं. म्हणजे चुकून चालत होतं!

क्यूएमू ५.१ मध्ये, २०२० साली, यावर एक तपासणी बसवली गेली. डिव्हाइस लेगसीच्या यादीत नसेल आणि तरी लेगसी चालू असेल तर सुरूच व्हायचं नाही. वर स्वच्छ मेसेज: हे डिव्हाइस मॉडर्न-ओन्ली आहे, ‘डिसेबल-लेगसी=ऑन’ वापरा.

हॉस्टेलमध्ये तीन पिनांच्या सॉकेटमध्ये दोन पिनांचा प्लग घुसवायला वरच्या भोकात पेनाची रिफील खुपसतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. पंखा फिरतो, मोबाइल चार्ज होतो, सगळे खूश. पण वरचं भोक अर्थिंगचं आहे आणि ते झाकण सुरक्षेसाठी आहे, हे कोणाच्या लक्षात राहतं? क्यूएमूच्या तपासणीने ती रिफील काढून घेतली, एवढंच.

विरोधकांचा मुद्दाही खोटा नाही. ज्याचं मशीन काल चालू होतं, त्याचं आज अपग्रेडनंतर बंद पडलं, तर त्याला स्टँडर्डचं प्रवचन ऐकवून काय उपयोग? आणि झालंही तसंच. साध्या पीसीआय बसवर व्हीसॉक लावणाऱ्यांना हा मेसेज दिसायला लागला. चालू गेस्ट एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवताना तर डिव्हाइसचा ओळखक्रमांक मध्येच बदलून चालत नाही. मग पुढच्या दुरुस्तीत व्हीसॉकला मॉडर्नच ठरवलं, आणि ५.१ च्या आधीच्या मशीन टाइपसाठी एररऐवजी फक्त वॉर्निंग ठेवली. नव्याला सक्ती, जुन्याला सवलत.

मला हा तोडगा सक्तीपेक्षाही जास्त आवडतो. सवलत आहे, पण ती उघड आहे, तिला नाव आहे आणि तिला मुदतही आहे. २०२४ पासून क्यूएमूचं धोरणच असं आहे की मशीन टाइप तीन वर्षांनी बाद होण्याच्या यादीत जातं आणि सहा वर्षांनी काढून टाकतात. जुन्या २.६.३२ कर्नलचा रेड हॅट ६ चालवायचाय? डिस्क आणि नेटवर्कची लेगसी आजही आहे, कारण ती कोणीतरी लिहिली आणि लोक ती खरोखर वापरतात. जुन्याशी कोणाचं भांडण नाही. भांडण आहे ते कोणीच न लिहिलेल्या, कोणीच न तपासलेल्या ‘सपोर्ट’शी.

‘पण हा सगळा तात्त्विक वाद झाला’ असं कोणी म्हणेल. नाही हो! आज क्लाउडमध्ये गेस्टची मेमरी होस्टपासूनही लपवतात. एएमडीच्या एसईव्ही तंत्रात गेस्टची मेमरी एन्क्रिप्ट केलेली असते. तिथे थेट मेमरीत हात घालणारं लेगसी डिव्हाइस चालतच नाही, मॉडर्नच लागतं. आपल्या बँकेचं, आपल्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर अशा गेस्टमध्ये चालणार असेल, तर ‘चुकून चालतंय’ हे उत्तर आपल्यालाच नको आहे.

आणि शेवटी आपल्याबद्दल. फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये ‘एक्सटर्नल समोर चाललं की झालं’ हे आपलं ब्रीदवाक्य असतं. चुकीचं इनपुट आलं तरी प्रोग्राम काहीतरी छापतो, आणि आपण त्याला ‘रोबस्ट’ म्हणतो! माझं म्हणणं एवढंच: तुमचा प्रोग्राम काय सांभाळतो याची यादी लिहा. यादीत नसलेलं आलं, तर थांबा आणि काय करायचं ते एका ओळीत स्पष्ट सांगा. जुन्यासाठी सवलत द्यायची असेल तर जरूर द्या, पण तिला नाव द्या आणि मुदत द्या. ही एक ओळ लिहायला पाच मिनिटं लागतात. ती न लिहिल्यामुळे पुढच्या बॅचच्या किती रात्री जातील, याचा हिशोब मात्र कोणी ठेवत नाही.