आईचें ताट

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत गाभाऱ्याशेजारच्या एका लहान दालनांत हारितीची मूर्ति आहे. तिच्या मांडीवर मूल आहे, आणि खालीं छडी घेतलेला पंतोजी व त्याची शाळा कोरलेली आहे. कथा अशी कीं, परक्यांचीं मुलें खाणारी ही यक्षिणी बुद्धाच्या उपदेशानें बालकांची रक्षणकर्ती झाली, आणि विहारांत तिला नित्य अन्न देण्याचा परिपाठ पडला. बालकांचें रक्षण हवें असेल तर आधीं मातेस अन्न द्यावें, असा बोध आम्हांस त्यांत दिसतो.

मूल शाळेंत येतें तें सहाव्या वर्षीं. पण त्याच्या देहाचा व बुद्धीचा पाया त्यापूर्वींच घातलेला असतो. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या सुमारें १००० दिवसांत जी उणीव राहते, ती पुढें कोणत्याही शिकवणीनें पुरती भरून निघत नाहीं.

सरकारनें हें ओळखलें नाहीं असें नव्हे. ता. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली व गांवोगांव अंगणवाड्या निघाल्या. २००५ सालीं महाराष्ट्रानें राजमाता जिजाऊ मिशन स्थापिलें. त्याचें ठाणें आपल्याच जिल्ह्याच्या शहरीं, तेव्हांच्या औरंगाबादेस, होतें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें राज्यांत पांच वर्षांखालील उंची खुंटलेलीं मुलें २००५-०६ मध्यें शेंकडा ४६ होतीं, तीं २०१५-१६ मध्यें ३४ वर आलीं. परंतु २०१९-२१ च्या पाहणींत हा आंकडा ३५ आहे, आणि १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींच्या अंगीं रक्त कमी आहे. उतरण थांबली ती कां?

एक कारण आपल्या स्वयंपाकघरांत आहे. गरोदर स्त्रीस अंगणवाडींतून घरीं नेण्यासाठीं शिधा मिळतो. पण उंबरठा ओलांडतांच तो साऱ्या घराचा होतो. घरची सून तर सर्वांच्या मागून जेवावयाची! पुरुषांचीं व मुलांचीं पानें उठल्यावर जें उरेल तें तिचें. दिवसभर कापूस वेचून आलेल्या, पोटांत दुसरा जीव असलेल्या बाईनें उरल्यासुरल्यावर भागवावें, ही रीत जुनी असली तरी न्याय्य नव्हे.

आदिवासी भागांत यावर चांगला उपाय योजिला आहे. २०१५ पासून तेथें अमृत आहार योजनेखालीं गरोदर व स्तनदा मातांस अंगणवाडींतच रोज एक वेळचें ताजें जेवण मिळतें. तें वाढलें जातें तिच्या पानांत, आणि जातें तिच्याच पोटांत. हीच सोय अजिंठ्यासारख्या कोरडवाहू शेतीच्या गांवींही व्हावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, ही फुकटची खैरात होय. तसें नाहीं, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें हा आहार मातेचा हक्क ठरविला आहे. दुसरा म्हणेल, वेचणीच्या दिवसांत बायांस सवड कोठून मिळावी? मग जेवणाची वेळ वेचणीशीं जुळवावी. बाईच्या मजुरीशीं तिच्या घासाचें वैर नसावें. मात्र हा वाढीव भार सेविका व मदतनीस यांच्यावर फुकट लादूं नये. योग्य मोबदला द्यावा.

तोंवर पालकांनीं स्वस्थ बसावें काय? घरांतील गरोदर व बाळंतीण स्त्रीचें पान पहिल्या पंगतीस मांडण्यास कोणत्याही सरकारी हुकुमाची जरूर नाहीं. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या घरीं अशी वहिनी किंवा बहीण असेल, तर तिचा शिधा तिलाच मिळतो कीं नाहीं हें पाहा, आणि ती जेवावयास बसल्याशिवाय आपण दुसरी भाकरी मागूं नका.