इंजिन झोपवायचं कसं?



आपल्या हुबळी-धारवाडच्या बऱ्याच घरांत जिन्याखाली नाहीतर गॅरेजच्या कोपऱ्यात, जुन्या चादरीखाली एक छोटा पेट्रोल जनरेटर असतो. लोडशेडिंगच्या दिवसांत हौसेने घेतलेला. आता घरोघरी इन्व्हर्टर आले, त्यामुळे तो बाहेर निघतो तो घरच्या लग्नात किंवा गणपतीत. आणि नेमका त्याच दिवशी रुसतो. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, तरी ढिम्म. ज्यांची शेती आहे त्यांच्याकडे हीच कथा फवारणी पंपाची. मग मेकॅनिकला बोलवायचं, त्याने कार्बोरेटर साफ करून द्यायचा आणि पुढच्या वर्षी परत पहिले पाढे पंचावन्न.

गंमत म्हणजे ही यंत्रं चालून जेवढी झिजत नाहीत, तेवढी पडून राहून बिघडतात. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात पाच वर्षं न उघडलेली फाइल जशी ठेवली तशीच मिळते. इंजिनाला ही सवलत नाही. ते बंद करून ठेवणं हेही एक काम आहे, आणि ते आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं.

ज्यांना ते नीट येतं ते लोक इथून फार लांब नाहीत. यल्लापूरवरून आरबैलचा घाट उतरलात की अंकोला, आणि तिथून कारवार. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. म्हणजे दरवर्षी दोन महिने इंजिन पडून राहणार हे मच्छीमाराला आधीच ठाऊक असतं, आणि ऑगस्टमध्ये ते चाललं नाही तर घरची चूल अडते. बैतखोल बंदरावर कधी गेलात तर मागे मोटर लावलेल्या छोट्या होड्या जरूर बघा. या आऊटबोर्ड मोटरला थंड ठेवायला समुद्राचंच पाणी आत खेचलं जातं आणि इंजिनाभोवती फिरून बाहेर पडतं. ते आत सुकलं की मागे मीठ उरतं, आणि वाटा बुजत जातात. म्हणून मोटर ठेवून देण्याआधी गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून काही वेळ चालवायची, म्हणजे मीठ धुऊन जातं. मग इंधनाची नळी काढायची आणि मोटर आपणहून बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो.

मीठ धुण्याची गरज आपल्याला नाही, पण दुसरी पायरी जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. जनरेटर बंद करताना आपण स्विच दाबतो. त्याऐवजी पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि इंजिनाला आतलं पेट्रोल संपवून थांबू द्यावं. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं चमचाभर पेट्रोल काही महिन्यांत उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते. ज्या छिद्रातून पेट्रोल वर चढायचं ते केसाएवढं असतं. बुजायला कितीसा वेळ लागणार? त्यात आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून सुटून टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. जुन्या रबरी नळ्याही त्याने मऊ पडतात. तेव्हा महिन्याभरात लागणार नसेल तर टाकी रिकामी करून ते पेट्रोल स्कूटरमध्ये घालावं. (दोन-स्ट्रोक फवारणी पंपातलं ऑइल मिसळलेलं पेट्रोल मात्र चार-स्ट्रोक स्कूटरला नको.) हे काम इंजिन थंड असताना, उघड्यावर आणि देवघरातल्या समईपासून लांब करायचं, हे सांगायला नकोच.

मोठा मुक्काम असेल तर आणखी दोन गोष्टी. प्लग काढून त्या छिद्रातून लहान चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल सोडावं, दोरी दोन-तीनदा हलकेच ओढावी आणि प्लग परत बसवावा. मग दोरी पुन्हा सावकाश ओढत, हाताला जोर लागेल तिथे थांबावं. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, म्हणजे पावसाळी हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. दहा मिनिटांचं काम, आणि मला तरी हे सगळ्यात आवडतं.

आजोबांच्या पिढीतले लोक यावर हसतील. त्यांच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन वर्षभराने हँडल मारलं तरी धडधडायचं. खरं आहे, पण त्याला कार्बोरेटर नाही, प्लग नाही, आणि डिझेल पेट्रोलसारखं उडूनही जात नाही. शिवाय ती माणसं पाना हातात घेऊन वाढलेली. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच भागातले, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ मध्ये सुरुवात केली ती बेळगावात सायकलच्या दुकानाने. आपल्याकडे पाना गेला आणि कस्टमर केअरचा नंबर आला.

आता बॅटरी. होडीवरच्या दिव्यांचा आणि पाणी उपसायच्या पंपाचा मोठा शत्रू म्हणजे खारी हवा. तांब्याची तार आवरणाच्या आतून काळी पडत जाते. वरून वायर नवीकोरी दिसते आणि दिवा मात्र मिणमिणतो. म्हणून चांगल्या होडीत कल्हई केलेली तांब्याची तार वापरतात. घरच्या इन्व्हर्टरला खारी हवा नसली तरी ॲसिडची वाफ असते. टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा दिसला की आधी इन्व्हर्टर बंद करून मेनमधून सोडवा. वजा टोक आधी काढायचं आणि लावताना शेवटी. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, झाकणातून ते आत जाऊ देऊ नका, कोरडं करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. पाणी डिस्टिल्डच घाला, नळाचं नको. पडून राहिलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मीटरवर साधारण १२.६ ते १२.७ दिसतं. १२ दिसलं तर ती जवळजवळ रिकामी आहे. तशीच ठेवलीत तर प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं आणि ती पुन्हा पुरती भरत नाही.

इथवर बिघडलंच तर पैसे जातात. पुढच्या दोन गोष्टींत जीव जातो.

जनरेटर घरात, बंद गॅलरीत किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये कधीही चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खिडकी उघडी ठेवणं पुरत नाही. जनरेटर अंगणात, दारं-खिडक्यांपासून दूर, धुराचं तोंड घराकडे नाही असा हवा. पाऊस पडतोय म्हणून आत घेतला, हीच ती वेळ असते.

दुसरी गोष्ट काही घरांत जुगाड म्हणून कौतुकाने दाखवली जाते: दोन्ही टोकांना पिन असलेली वायर. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, आणि सगळं घर उजळतं. पण मेन स्विच बंद करायचा राहिला तर ती वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. गल्लीतला ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे घरापुरते करतो, तसाच तो उलट्या दिशेने घरातल्या २३० व्होल्टचे ११,००० करू शकतो. भर पावसात, लाइन बंद आहे अशा समजुतीने हेस्कॉमचा लाइनमन वर चढलेला असतो. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेतला की एका वेळी एकच जोडणी राहते, खांबाची किंवा जनरेटरची. तो बसेपर्यंत जनरेटर घराच्या वायरिंगला जोडूच नका. बाहेरून एक्स्टेंशन बोर्ड ओढा, त्यावर दोन पंखे आणि चार दिवे लावा. लग्नघराचं तेवढ्यावर भागतं.