ठराव आणि तळे

मीरा-भाईंदरच्या अभ्यासिकांत आणि सकाळच्या लोकलच्या गर्दीत स्पर्धा परीक्षेची पुस्तके वाचणारा विद्यार्थी आता नवलाचा राहिलेला नाही. ज्याला घरच्या दोन खोल्यांत अभ्यासाला कोपराही मिळत नाही, तो तरुण फुले, आगरकर, शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर यांची चरित्रे वाचतो, ही गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु तो जे पाठ करतो ते बहुधा चरित्र नसते, कोष्टक असते. १८४८, पुण्यात मुलींची शाळा. १८७३, सत्यशोधक समाज. १८८८, आगरकरांचा ‘सुधारक’. १९०२, करवीर संस्थानातील आरक्षण. १९२७, महाडचा सत्याग्रह. डावीकडे सन आणि उजवीकडे घटना. एका सनापासून दुसऱ्या सनापर्यंत समाजात जो झगडा चालला, त्याला या कोष्टकात रकानाच नाही. सुधारणेचा खरा इतिहास मात्र त्या झगड्यातच आहे.

महाडचेच उदाहरण घ्यावे. ‘२० मार्च १९२७, चवदार तळे’ एवढे उत्तर लिहिले की गुण मिळतो. पण या प्रकरणाचा आरंभ तळ्याच्या काठावर झाला नव्हता. तो मुंबईच्या कायदेमंडळात झाला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव तेथे संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. कागदावर सुधारणा पूर्ण झाली. मात्र तळ्याचे पाणी होते तेथेच राहिले आणि ठराव दप्तरात पडून राहिला. स्थानिक संस्था ठराव अमलात आणीत नाहीत हे पाहून, अशा संस्थांचे अनुदान रोखावे अशी मागणी बोले यांना १९२६ मध्ये करावी लागली, यातच सर्व काही आले.

म्हणूनच १९२७ च्या मार्चमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी जमलेले हजारो स्त्री-पुरुष डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग तळ्यावर गेले. ते नवा हक्क मागावयास गेले नव्हते. मिळालेला हक्क बजावण्यास गेले होते. पुढे काय घडले ते कोष्टकात नसते. परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण होत असताना, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरली तेव्हा तळे खासगी मालकीचे आहे असा दावा सांगणाऱ्यांनी न्यायालयाचा मनाईहुकूम आणला होता. तो मानून डॉ. आंबेडकरांनी पाण्याला स्पर्श करणे टाळले. मात्र २५ डिसेंबरला त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. दाव्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला तो मार्च १९३७ मध्ये. अस्पृश्यांना वगळणारी अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने म्हटले. पहिल्या ठरावापासून या निकालापर्यंत जवळजवळ चौदा वर्षे लोटली होती.

ही चौदा वर्षे विद्यार्थ्याला ठाऊक असणे का आवश्यक आहे? कारण परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर तो नेमका त्याच खुर्चीवर बसणार आहे, जेथे ठराव जिवंत राहतात किंवा मरतात. काही ग्रामपंचायती एकत्र करून १९८५ मध्ये मीरा-भाईंदरची नगरपरिषद झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. तिच्या वा अन्य कोणत्याही महापालिकेच्या महासभेत झालेला ठराव शेवटी एखाद्या लिपिकाच्या टिपणीवर आणि अधिकाऱ्याच्या सहीवर येऊन थांबतो. महाडची सुधारणा अडली तीही ठरावाच्या अभावी नव्हे, अंमलबजावणीच्या अभावी.

हा दोष त्या काळाबरोबर संपला असेही नाही. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा कायदा संसदेने १९९३ मध्ये केला. तो अपुरा ठरला म्हणून २०१३ मध्ये दुसरा केला. गटारात मृत्यू आलेल्या कामगाराच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागली याचाच अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत. वाढत्या शहरांत अनेक इमारतींखाली सेप्टिक टाकी आहे, आणि त्या टाकीत यंत्र उतरेल की माणूस, हे ठरविणारा कागद कोणत्या ना कोणत्या टेबलावर असतो.

दोष विद्यार्थ्याचा नाही. जागा थोड्या, उमेदवार लाखो. अशा वेळी चार पर्यायांतून एक निवडण्याची पद्धत सनावळीलाच किंमत देणार. सनावळी त्याज्यही नव्हे. कालक्रम पक्का नसेल तर कार्यकारण उमगत नाही. महाडची कथासुद्धा तारखांच्याच आधारे कळते. मात्र तारखा हा सांगाडा आहे, देह नव्हे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक पद्धतीने घेण्याचा लोकसेवा आयोगाचा निर्णय या दृष्टीने स्वागतार्ह आहे. तो पुढे ढकलावा म्हणून विद्यार्थ्यांनी आंदोलने केली होती. वर्षानुवर्षे एका पद्धतीची तयारी केलेल्यांची अडचण खरीच होती. तथापि प्रश्न बदलले तरी शिकविणे बदलले नाही, तर उद्या कोष्टकाऐवजी तयार निबंध पाठ होतील, इतकेच.

शिक्षकांनी यापुढे एक साधी गोष्ट करावी. प्रत्येक सनासमोर घटना लिहून घेतल्यावर विद्यार्थ्याला विचारावे: याला विरोध कोणी केला, कशासाठी केला आणि अंमल कधी झाला? ‘१९२७’ हे उत्तर बरोबर आहेच. पण १९२४ ते १९२७ या तीन वर्षांत महाडच्या त्या दप्तरात ठराव कोणाच्या हाताखाली पडून होता, हा प्रश्न ज्याला पडेल, त्याच्या टेबलावर उद्या दुसरा ठराव तसा पडून राहण्याची शक्यता कमी आहे.