निरंक रकान्यातली धार

दाढी हा रविवारच्या लेखाचा विषय होऊ शकतो का, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर मी त्याला दोष देणार नाही. 2020 च्या टाळेबंदीपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. तेव्हा केशकर्तनालयं बंद झाली, वेळ हाताशी भरपूर होता, आणि वडिलांच्या ट्रंकेतून एक जुना वस्तरा बाहेर निघाला. पात्यावर 'सोलिंगेन' असं कोरलेलं. जर्मनीतल्या या शहराच्या नावाला 1938 पासून कायद्याचं संरक्षण आहे. कुणीही उठावं आणि आपल्या पात्यावर ते नाव घालावं, असं चालत नाही. पण नाव कितीही मोठं असलं तरी ट्रंकेत पन्नास वर्षं निजलेल्या पात्यानं लोणीसुद्धा कापलं नसतं.

निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे पेन्शन असतं आणि पुस्तकी ज्ञानावर गाढ विश्वास असतो. मी चामड्याचा पट्टा मागवला आणि त्याला लावायच्या पेस्टही मागवल्या. हिरवी पेस्ट क्रोमियम ऑक्साइडची. तिच्यातला कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा शंभरपटीहून लहान. तांबडी लोहाच्या ऑक्साइडची. सोनार दागिन्यांना चकाकी आणायला वापरतात त्या जातीची. शिवाय हिऱ्याच्या भुकटीची एक छोटी नळी. पट्ट्यावर पेस्ट चोळायची, वस्तरा फिरवायचा आणि दाढी करायची, असा क्रम सुरू झाला. पहिले काही दिवस फरक जाणवला. मग वस्तरा केस कापण्याऐवजी ओढू लागला. मी पेस्ट वाढवली. तो आणखी ओढू लागला. बँकेच्या भाषेत सांगायचं तर थकलेल्या कर्जाचं मी दरवर्षी नूतनीकरण करत होतो.

टाळेबंदी उठल्यावर वस्तरा रुमालात गुंडाळून आमच्या पेठेतल्या एका वृद्ध नाभिकाकडे गेलो. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी पातं उजेडात तिरकं धरलं, अंगठ्याचं बोट धारेला आडवं हलकंच लावून पाहिलं आणि विचारलं, "साहेब, मलम एवढं लावलंत, पण जखम कुठाय ते बघितलं का?"

मग त्यांनी जे सांगितलं, ते माझ्या पुस्तकांत होतं. मला दिसलं नव्हतं, एवढंच. धार येते दगडावर. मलमानं ती गुळगुळीत होते. कोऱ्या चामड्यावर ती पुसली जाते आणि सरळ होते. या तीन कामांची अदलाबदल चालत नाही. चामडं मऊ असतं. वस्तरा दाबला की ते खाली दबतं आणि धारेच्या मागं किंचित वर येतं. मलमातले कण मग बाजू घासता घासता टोकच गोल करू लागतात. म्हणून मलम नखभर लावायचं, मोजके हात फिरवायचे, आणि त्याचा पट्टा वेगळा ठेवायचा. रोजच्या कोऱ्या पट्ट्याला मलमाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. आणि धार बसली की लाज न बाळगता पुन्हा दगडाकडे जायचं.

सुरीला धार लावताना कोन हातानं सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचं तसं नाही. त्याची पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, त्यामुळे पाठीची जाडीच कोन ठरवते. दगडावर धार पुढे चालते, पट्ट्यावर पाठ पुढे आणि धार मागे. परतताना पातं पाठीवर उलटायचं, धारेवर कधीच नाही. पट्टा ताठ हवा. तो सैल राहिला की धार गोल झालीच. हे सगळं नानांनी एका बैठकीत सांगितलं. हाताला यायला मला आठ महिने लागले. त्यांनी शेवटी वस्तरा आपल्या तळहाताच्या मांसल कडेवर चार वेळा फिरवून दाखवला, तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. ते मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाशी तरी बोलत होते.

त्या तळहातानं मला 1987 सालात नेऊन सोडलं. तेव्हा मी सह्याद्रीच्या पायथ्याशी एका तालुक्याच्या गावी बँकेत अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली तिथल्या एका नाभिकाचा कर्जाचा अर्ज आला. खुर्ची, आरसा, कात्र्या. अर्ज मीच भरून घेत होतो. 'प्रशिक्षण' या रकान्यापाशी मी विचारलं, "कुठं शिकलात?" "बापाच्या हाताखाली." "सर्टिफिकेट?" तो नुसता हसला. मी लिहिलं, 'निरंक'.

कर्ज मंजूर झालं आणि त्यानं ते वेळेवर फेडलंही. तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण दर रविवारी मी त्याच माणसापुढे मान वर करून, डोळे मिटून बसत असे. ज्याच्या कौशल्यावर रविवारी गळा निर्धास्त सोपवला, त्याच्या कौशल्यापुढे सोमवारी मी 'निरंक' लिहिलं, आणि त्यात काही विसंगत आहे असं मला वाटलंसुद्धा नाही. आज मी घरी वस्तरा परततो तेव्हा पाहुणे त्याला छंद म्हणतात, दाद देतात. त्याच्या हातून तीच क्रिया झाली तेव्हा गावानं तिला जात म्हटलं.

जुना वस्तरा परत आणा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. एकच पातं अनेकांच्या गालांवरून फिरलं तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिससारखे आजार पसरण्याचा धोका असतो. 1990 च्या दशकात एड्सची जाणीव वाढली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्धं ब्लेड लावायची पद्धत रुळत गेली, ते योग्यच झालं. नानांचा मुलगा तेच वापरतो. मात्र ब्लेड बदलताना ज्ञानही कचऱ्यात टाकलं पाहिजे, असं कुठे आहे? शिंप्याची कात्री, सुताराची पटाशी, स्वयंपाकघरातली सुरी यांना धार लागतेच, आणि धारेचं तत्त्व सगळीकडे तेच.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत नाभिकाचा समावेश आहे. प्रमाणपत्र, ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत, आणि 5 टक्के व्याजानं दोन टप्प्यांत 3 लाखांपर्यंत विनातारण कर्ज. बँकेतला जुना माणूस म्हणून मला याचं समाधान आहे. माझी सूचना एवढीच, की अशा प्रशिक्षणात नानांसारख्यांना शिकणाऱ्यांच्या बाकावर बसवू नये. त्यांना शिकवणाऱ्याच्या खुर्चीत बसवावं आणि त्या खुर्चीचं मानधन द्यावं. हे काम लवकर व्हायला हवं. दगड बाजारात मिळतो, मलमाची डबी घरपोच येते. तो तळहात मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाही.

मध्यंतरी नानांनी माझा वस्तरा पुन्हा पाहिला. "आता बरा आहे," म्हणाले, "पण साहेब, तुम्ही घाई करता." हे माझं प्रमाणपत्र.

तो 1987 चा अर्ज आज पुन्हा समोर आला तर 'प्रशिक्षण' या रकान्यात मी लिहीन: वडिलांच्या हाताखाली, लहानपणापासून. रकाना अपुरा पडला तर समासात लिहीन.