निधीची यादी आणि आपण

बायोमेडिकलमध्ये एमएस करायचं म्हणून अमेरिकेच्या एनआयएचच्या निधीची यादी बघून कोणी विद्यापीठ निवडत असेल, तर जरा थांबा. जॉन्स हॉपकिन्स तिथे वर्षानुवर्षं आघाडीवर आहे, पण त्याचं मेडिकल स्कूलही अवाढव्य! एमआयटीला मेडिकल स्कूलच नाही, म्हणून ती खाली दिसते. पण शरीरात औषध हळूहळू सोडणाऱ्या पॉलिमरवर काम करणारे केमिकल इंजिनिअर रॉबर्ट लँगर तिथलेच. हार्वर्डची आणखी गंमत. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले संशोधक हार्वर्डचे प्राध्यापक, पण निधी जमा होतो हॉस्पिटलच्या नावावर! तेव्हा नुसती बेरीज काय कामाची? आपल्या विषयात कोणत्या प्राध्यापकाकडे ग्रँट आहे ते शोधा. रिसर्च असिस्टंटशिप विद्यापीठाच्या नावावर नाही, बहुधा गाईडच्या ग्रँटमधूनच मिळते!