दाताच्या पेशी, कंपवात आणि पुराव्याची वाट

पूर्वपक्ष असा मांडला जातो की, दुधाच्या दाताच्या किंवा अक्कलदाढेच्या आतल्या मऊ गरात, ज्याला दंतवैद्य पल्प म्हणतात, मूलपेशी म्हणजे स्टेम सेल असतात, त्यांचे चेतासंस्थेशी असलेले नाते गर्भावस्थेपासूनचे असते, आणि म्हणून मुलाचा हलणारा दात आज गोठवून ठेवला तर पुढे घरात कोणाला कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, झाल्यास त्याच पेशींनी मेंदूची हानी भरून काढता येईल. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत ज्या घरांत शाळकरी नातवंडे आणि हात थरथरणारे आजोबा एकाच छताखाली राहतात, त्या घरांना हे म्हणणे पटावे यात नवल नाही. आणि म्हणूनच त्याची तपासणी कसून व्हायला हवी.

या म्हणण्यातला काही भाग निर्विवाद खरा आहे. अक्कलदाढेच्या गरातील मूलपेशींचे वर्णन २००० साली आणि दुधाच्या दातांतील मूलपेशींचे २००३ साली प्रसिद्ध झाले. या पेशी न्यूरल क्रेस्टमधून येतात, म्हणजे गर्भात चेतासंस्थेची नळी मिटताना तिच्या कडांवरून सुटून दूरवर पसरणाऱ्या पेशींच्या त्या वंशातून, ज्यातून चेहऱ्याची हाडे आणि शरीरातल्या अनेक नसाही घडतात; शिवाय चेतापेशींना जगवणारी काही प्रथिने त्या स्रवतात. मात्र कंपवातात मरतात त्या पेशी वेगळ्या आहेत. मध्यमस्तिष्कातील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यात डोपामिन हे रसायन बनवणाऱ्या या चेतापेशी न्यूरल क्रेस्टमधून नव्हे, तर चेतानळीच्या तळातून उपजतात. दाताच्या पेशींना प्रयोगशाळेत रसायने देऊन डोपामिनपेशींच्या काही खुणा दाखवायला लावता येते, परंतु खुणा दिसणे म्हणजे मेंदूच्या जाळ्यात रुजून वर्षानुवर्षे काम करणे नव्हे.

पुरावा म्हणून पुढे केले जातात ते मुख्यतः उंदरांवरचे प्रयोग. त्यांत मेंदूच्या एका बाजूला विषारी रसायन टोचून तिथल्या डोपामिनपेशी मारल्या जातात, मग विशिष्ट औषध दिले की प्राणी एकाच दिशेने गोल गोल फिरू लागतो, आणि मूलपेशी टोचल्यानंतर त्या फेऱ्या कमी झाल्या तर सुधारणा झाली असे मोजले जाते. मोजमाप म्हणून हे उपयोगी आहे, पण या प्राण्यातील इजा एकदाच झालेली असते, तर माणसाचा आजार आतून पुढे सरकत राहतो. गर्भातील चेतापेशींचे कलम केलेल्या काही रुग्णांच्या मेंदूत, एका दशकाहून अधिक काळानंतर, त्या नव्या पेशींतही कंपवाताचे लेवी पिंड, म्हणजे आजारी चेतापेशींत साचणाऱ्या प्रथिनांच्या गाठी, सापडल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे घातलेली पेशीही आजाराच्या कक्षेबाहेर राहत नाही. फेऱ्या कमी होण्याचे श्रेयही बहुधा नव्या पेशींनी जुन्यांची जागा घेण्याला नव्हे, तर त्यांनी स्रवलेल्या प्रथिनांना द्यावे लागते.

माणसांवर जे खरोखर साधले आहे त्याचा मार्ग वेगळा आहे. क्योटो विद्यापीठात सात रुग्णांच्या मेंदूत पुनर्रचित मूलपेशींपासून, म्हणजे प्रौढ पेशींना मूळ अवस्थेत नेऊन घडवलेल्या मूलपेशींपासून, बनवलेल्या डोपामिनपूर्व पेशी सोडण्यात आल्या, आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार परिणामकारकता तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या, औषधाचा अंमल उतरलेल्या वेळच्या, हालचालीत सुधारणा दिसली. संख्या लहान आहे आणि निष्कर्ष सावध आहे. पण तिथे दाताची पेशी नाही, मध्यमस्तिष्काच्या पेशीच्या घडणीची पायरी पायरीने केलेली पुनरावृत्ती आहे.

साठवणुकीचा युक्तिवाद तर याहून कच्चा आहे. दुधाचा दात आपोआप पडतो तेव्हा त्याचे मूळ झिजून गेलेले असते आणि गराचा रक्तपुरवठाही बहुधा तुटलेला असतो; म्हणून जिवंत पेशी हव्या असतील तर दात हलत असतानाच काढून थंड द्रवात लगेच पाठवावा लागतो. कंपवात बहुधा साठीच्या आसपास येतो, तेव्हा तो गोठवलेला गर पन्नास-पंचावन्न वर्षे टिकवण्याची हमी कोण देणार? ज्या घराण्यात आजार जनुकीय दोषातून येतो, तिथे स्वतःच्या पेशीतही तोच दोष असतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेतील रक्त वगळता इतर जैविक पदार्थांची व्यावसायिक साठवणूक मान्य केलेली नाही, आणि कंपवातासाठी मूलपेशी देणे हे संशोधनाच्या चाचणीपुरतेच बसते. तेव्हा त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेणे हा उपचार नव्हे, त्याच्या असहायतेचा लाभ आहे.

तरीही दाताच्या पेशींचे संशोधनच थोतांड ठरवणारा दुसरा पक्षही चुकतो. खाजकुइलीचे उदाहरण मुंबईकरांना जवळचे आहे. आयुर्वेदातील कपिकच्छू म्हणजे हीच शेंग. तिच्या बीमध्ये लेवोडोपा, म्हणजे कंपवातावर आज दिले जाणारे मुख्य औषध, असल्याचे १९३७ मध्ये मद्रासमध्ये दाखवले गेले, आणि मुंबईत डॉ. अशोक वैद्य यांनी सहकाऱ्यांसह १९७८ मध्ये कंपवाताच्या रुग्णांवरील या बियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या श्रद्धेचे रूपांतर पुराव्यात झाले ते मात्रा मोजून आणि रुग्ण तपासून. दाताच्या पेशींसाठीही तोच मार्ग उरतो, विशेषतः त्यांनी स्रवलेल्या प्रथिनांच्या बाबतीत.

तो पुरावा येईपर्यंत रुग्णाला आज जे मिळते ते कमी लेखण्याजोगे नाही. लिफ्टच्या दाराशी ज्याचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, त्याच्यापुढे फरशीवर रंगीत पट्टी चिकटवली तर ती ओलांडण्याच्या निमित्ताने पाऊल उचलले जाते. औषधांच्या वेळा, व्यायाम आणि मुंबईतील पार्किन्सन्स डिसीझ अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीचे आधारगट हे सारे आज हाती आहे. आणि संशोधनासाठी लागणारा कच्चा माल याच उपनगरांत रोज वाया जातो: विशी-पंचविशीतल्या तरुणांच्या काढलेल्या अक्कलदाढा दवाखान्यात जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत पडतात. रुग्णाची लेखी संमती घेऊन, कोणतेही आश्वासन न देता आणि कोणतेही शुल्क न आकारता, त्या दाढा सार्वजनिक प्रयोगशाळेकडे पाठवण्याची सोय महापालिकेच्या दंत महाविद्यालयाने उभी करावी.